आबांचं फोर-फिफ्टीफाइव्ह

"दिसायला तर दोन्ही सारखीच," हेमंत म्हणाला. "मग नवं घ्यायला हरकत काय, काका?"

माझ्या टेबलावर हिरव्या बनातीवर दोन रिव्हॉल्व्हरं ठेवलेली होती. एक मी तिजोरीतून काढलेलं. कारखान्यातून येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, पॅकिंगच्या तेलाचा वास अजून गेला नव्हता. दुसरं त्याच्या आईनं, विमलअक्कांनी, बाजाराच्या पिशवीतून काढलं होतं. पिशवीत टॉवेल, टॉवेलात जुन्या धोतराचा तुकडा आणि त्यात ते.

"हरकत काही नाही," मी म्हणालो. "पण सारखी नाहीत ती. हातात घेऊन बघ."

त्यानं जुनं उचललं तसं त्याचं मनगट खाली गेलं. अक्का हसल्या.

माझं धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत बंदुकांचं दुकान आहे. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. त्याआधी मी लष्करात आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारांचा डॉक्टर. चालवणारे वेगळे, आम्ही फक्त बरं करून परत द्यायचं. मूळचा मी भडगावचा, बैसाणे. बाजारात सगळे बैसाणे मिस्त्रीच म्हणतात. गिऱ्हाइकं म्हणजे शेतकरी, बँकेचे गार्ड, एखादा पेट्रोलपंपवाला. येतात त्या बारा बोअरच्या बंदुका. रिव्हॉल्व्हर क्वचित येतं, आणि अक्कांनी आणलं तसं तर मी लष्कर सोडल्यानंतर हातात घेतलंच नव्हतं.

ते विलायती होतं, फोर-फिफ्टीफाइव्ह. हा आकडा बोअरचा, म्हणजे नळीच्या भोकाच्या रुंदीचा. अर्ध्या इंचाला थोडं कमी. अंगठा आत जाईल की काय असं वाटावं, एवढं. नवं होतं बत्तीस बोअरचं, म्हणजे इंचाचा साधारण तिसरा हिस्सा. पण साचा तोच. हल्ली जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांच्या घाटावर आपल्याकडेच नवी काढतात. मधून मोडून उघडणारी, तशीच मूठ, तसाच पक्ष्याच्या चोचीसारखा घोडा. लोकांना आजोबांच्या हातातलं हत्यार हवं असतं आणि काडतूस मात्र बाजारात मिळणारं हवं असतं. नवी काढणाऱ्यांनी दोन्हीची सोय केली.

"दोन नको भाऊ," अक्का म्हणाल्या. "घरमा एकच ठेवनं शे. कोनतं ठेवू ते तू सांग."

अक्कांचा केळीचा मळा चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या अंगाला आहे. मालक गेल्यापासून त्या मळ्यातल्या घरात एकट्या राहतात. हेमंत जळगावला असतो, त्याचं केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे. गेल्या वर्षापासून त्यांच्या शिवारात मोटारीच्या केबल कापून नेणारी टोळी फिरत होती. केबलमधलं तांबं विकतात. दोनदा लोक अक्कांच्या विहिरीपर्यंत आले होते. त्यातच लायसन्सचं नूतनीकरण आलं. मोठ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर नव्यानं कुणाला मिळत नाही. वारसा हक्कानं सासऱ्यांकडून मुलाकडे आणि तिथून सुनेकडे आलेलं, म्हणूनच ते अक्कांच्या नावावर होतं. काडतुसं तर मिळतच नाहीत. हेमंतचं म्हणणं सरळ होतं. जुनं जमा करा, नवं घ्या.

"उडाडनं नही शे माले," अक्का म्हणाल्या. "पन या बाईकडे शे, इतलं लोकसले म्हाईत पाहिजे."

मी म्हटलं, आधी दोन्ही तपासतो, मग बोलू.

"आणि टेस्ट फायर?" हेमंतनं विचारलं. "मी तर दिवाळीला मळ्यातच एक उडवून बघणार होतो. अक्कानं हात धरला. म्हणे, आधी धुळ्याले दखाड."

"बरं केलं," मी म्हणालो. तेव्हा हे मी सवयीनं म्हणालो होतो. प्रत्येकाला तेच म्हणतो.

मी जुन्यापासून सुरुवात केली. वरची कडी दाबली आणि ते मधून मोडलं. आत सहा कप्प्यांचं चक्र, रिकामं. बिजागरीत थोडीही ढिलाई नव्हती. बंद केलं तेव्हा जो आवाज झाला, तो मी अजून सांगू शकत नाही. पितळी कुलूप लागतं तसा नाही, लाकडी पेटीचं झाकण बसतं तसाही नाही. दोन्हीच्या मधला. मग टायमिंग बघितलं. घोडा ओढला की चक्र फिरतं आणि कप्पा नळीच्या बरोबर समोर येऊन थांबला पाहिजे. केसाएवढा फरक पडला तरी गोळी नळीच्या काठाला खरवडते. सहाही कप्पे मी एकेक करून फिरवले. प्रत्येक वेळी चक्र जागेवर येऊन असं थांबलं, की बोटानं हलवून हलेना. हे हत्यार ज्यानं घडवलं, त्याच्याकडे संगणक नव्हता. त्यानं कानशीनं घासलं असेल, बसवून बघितलं असेल, पुन्हा घासलं असेल. तो माणूस कधीच गेला. त्यानं जमवलेला सांधा माझ्या टेबलावर अजून जमत होता. मी काही क्षण नुसता बसून राहिलो. अक्कांना वाटलं काही बिघडलंय.

"काय व्हयनं भाऊ?"

"काही नाही अक्का. चांगलं आहे. फार चांगलं आहे."

नव्यालाही नावं ठेवायची नाहीत. मशीनवर कापलेले भाग, कडा साफ, वजन बेताचं, घोडा हलका. अक्कांच्या हाताला तेच जास्त बसलं असतं. पण मनात माझा कौल तोवर जुन्याकडे झुकला होता. काडतुसांचं काय ते बघू, असं मी स्वतःलाच सांगत होतो. कारागिराला हे होतं. गिऱ्हाइकाला काय हवं, ते तो विसरतो.

मग नळ्या बघितल्या. एका टोकाला छोटी बॅटरी धरायची आणि दुसऱ्या टोकातून बघायचं. आत पीळ असतात, गोळीला गिरकी देण्यासाठी कोरलेले. उजेडात ते झऱ्याच्या पाण्यासारखे फिरताना दिसतात. नव्यात दिसले.

जुन्यात अंधार होता.

मला वाटलं ग्रीस थिजलं असेल. किंवा कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं असेल. बंद पडलेल्या बारा बोअरमध्ये हे मी बऱ्याचदा पाहिलंय. पितळेची सळई घेतली आणि हलकेच आत सरकवली. अर्ध्यावर गेली आणि थांबली. टक. मातीचा आवाज असा येत नाही. दुसऱ्या बाजूनं घातली. टक.

"काडतुसं आणली आहेत का?" मी विचारलं.

अक्कांनी पिशवीतून चहाचा जुना डबा काढला. सहा काडतुसं आबांच्या काळापासून त्यात होती. आबा म्हणजे अक्कांचे सासरे. पाच भरलेली होती. सहावं रिकामं, मागच्या कॅपवर घोड्याचा ठोसा बसलेला. मी ते रिकामं उजेडात धरलं आणि चिमट्यानं आत खरवडलं. शेवयांसारखे पिवळट दोरे बाहेर आले. जुन्या विलायती काडतुसातली दारू अशीच असायची, बारीक दोऱ्यांची. काडतूस उडालं की त्यातलं काही उरत नाही. इथे बहुतेक सगळी तशीच होती.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"हेमंत," मी म्हणालो, "दिवाळीला तू हे उडवलं असतंस, तर आज तुझा हा हात नसता."

त्याला समजलं नाही. मी समजावून सांगितलं. काडतुसाला ओल लागली, की कधीकधी मागची कॅप तेवढी पेटते, दारू पेटत नाही. कॅपचा जोर किती? गोळी काडतुसातून सुटून नळीत शिरेल एवढाच. बाहेर पडायला तो पुरत नाही. ती मध्येच रुतून बसते. आमच्या भाषेत याला स्क्विब म्हणतात. आवाज होतो पण धमाका होत नाही, सायकलची हवा जावी तसं फुस्स होतं. चालवणाऱ्याला वाटतं गोळी गेली किंवा काडतूस फुसकं निघालं. आणि त्यानं पुन्हा घोडा दाबला, तर मागून येणाऱ्या गोळीला वाट नसते. मग नळी फुगते, नाहीतर फुटते. फुटली तर धरणाऱ्याचा हात जातो आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल, ते सांगता येत नाही.

"म्हणजे आत गोळी आहे?"

"आहे."

"इतकी वर्षं? अहो, दर इलेक्शनला आम्ही हे जमा करतो. पावती मिळते."

"नंबर बाहेरून कोरलेला असतो," मी म्हणालो. "नंबर जुळला की पावती मिळते. नळीत कोण बघतो?"

हेमंत हसायला लागला. "अक्का, ही तर आबांचीच गोळी! हवेत उडवली होती ती!" मग माझ्याकडे वळून त्यानं ती गोष्ट सांगितली. घरात ती लग्नकार्यात सांगतात म्हणे. आबा जंगलाचे ठेकेदार होते, लाकूडतोडीसाठी जंगलाचा तुकडा, म्हणजे कूप, घ्यायचे. एकदा तोडणारी माणसं जमाव करून अंगणात आली. आबांनी हवेत एक बार काढला आणि सगळे पांगले. "म्हणजे बार निघालाच नव्हता तर!" तो म्हणाला.

अक्का हसत नव्हत्या. त्या रिकाम्या काडतुसाकडे बघत होत्या.

"हवामा नही उडाडी," त्या म्हणाल्या.

पुढचं अक्कांनी थांबून थांबून सांगितलं. त्यांचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. दुपारची वेळ होती. कुपात त्या वर्षी मोहाची झाडं आली होती. मोह म्हणजे डोंगरातल्या माणसाचं अन्न. फुलं खायची, वाळवून ठेवायची, बियांचं तेल काढायचं. तोडणाऱ्यांचा पुढारी जामसिंग पावरा हा तरणा गडी होता. तो अंगणात आला आणि म्हणाला, बाकी सगळं तोडतो, मोहाला कुऱ्हाड लावणार नाही. आबांचा शब्द आजवर कुणी खाली पाडला नव्हता. ते आत गेले आणि हे घेऊन बाहेर आले.

"त्यासनी जामसिंगनी छातीवर धरं," अक्का म्हणाल्या. "मी ओसरीवर उभी व्हतू. घोडा दाबा. फुस्स करीसन आवाज उना. बस."

"मग?" हेमंतनं विचारलं.

"मंग काय. थांबनात."

पाच-सहा पावलांवरून फोर-फिफ्टीफाइव्ह. मी लष्करात या बोअरनं काय होतं ते वाळूच्या पोत्यांवर पाहिलंय.

"तो जामसिंग?"

"शे ना. डोंगरना पायथाले त्याना पाडा शे."

जामसिंग जिवंत होता. एवढंच नाही, दरवर्षी उन्हाळ्यात तो अक्कांकडे चारोळीची पुडी घेऊन येत होता. ओट्यावर बसायचा, आणि चहा आला की घेण्याआधी आबांच्या फोटोला हात जोडायचा. हेमंतनंही हे लहानपणापासून पाहिलेलं.

"त्याले वाटस, आबासनी मुद्दाम चुकाडं," अक्का म्हणाल्या. "जीवदान दिन्हं. तो फोटूले हात जोडस आणि मी खाले दखस. दरवरीस."

मग त्यांनी मला दोन कामं सांगितली. गोळी काढ. आणि माझ्यासोबत चल, त्याला तुझ्या तोंडानं सांग, मला सांगता येणार नाही.

हेमंतला हे पटलं नाही. "कशाला अक्का? म्हातारा झालाय तो. त्याला वाटतंय आबांनी सोडलं, तर वाटू दे की. आबा गेले, बाबा गेले. आता हे उकरून कुणाचं भलं होणार?"

"मन्हं व्हई," अक्का म्हणाल्या.

माझं काम नळीपुरतं. पण खरं सांगायचं तर मला हेमंतचं बरोबर वाटत होतं.

नळीत तेल सोडून ते मी तसंच ठेवलं. मग लाकडी ठोकळ्यात बांधून, मापाची पितळी कांडी लावून, हळूहळू ठोकत गोळी बाहेर काढली. घाई केली तर पीळ खरवडले जातात, आणि मला त्या पिळांना ओरखडाही द्यायचा नव्हता. गोळी तळहातावर पडली. शिशाची, करड्या रंगाची, बोथट नाकाची. अंगावर पिळाचे वळ उठले होते. थोडा प्रवास तिनं केला होता, त्याची ती खूण. गार लागली. वजनाला चांगली भरीव. मी नळीतून पुन्हा बघितलं. इतक्या वर्षांनी उजेड पलीकडे गेला आणि पीळ फिरताना दिसले. जिथे गोळी अडकली होती तिथे एक काळसर कडं राहिलं होतं, बाकी नळी आरशासारखी.

पुढच्या रविवारी हेमंत गाडी घेऊन आला. अमळनेरवरून तापी ओलांडून चोपड्याला गेलो, तिथून अक्कांना घेतलं. रिव्हॉल्व्हर दुकानात तिजोरीत होतं. माझ्या खिशात कागदात गुंडाळलेलं फक्त ते शिसं. केळीचे मळे मागे पडले, पुढे कपाशी, मग दगडगोटे आणि सातपुडा अगदी अंगावर आला. हेमंतनं एकदा विचारलं, "काका, तो चिडला तर?" मी म्हणालो, चिडायचा त्याला हक्क आहे.

जामसिंगचं घर कुडाचं, मोठं, शेणानं सारवलेलं. अंगणात मक्याची कणसं वाळत होती. त्या दिवशी घरात कुठलं तरी कार्य होतं की रोजच तसं असतं, कोण जाणे, पण अंगण माणसांनी भरलेलं होतं. मुलगे, सुना, लेकी, जावई, नातवंडं, एक पणती कुणाच्या कडेवर. कुणी कणसं सोलत होतं, कुणी मोटरसायकल धूत होतं. एक नात नर्सिंगचं शिकते म्हणे, ती सुट्टीला आली होती. तिनं आम्हाला खाट टाकून दिली, पाणी दिलं. मी खाटेवर बसलो आणि खिशात हात घातला. कागदातून ते शिसं बोटाला लागत होतं.

मी अंगणभर नजर फिरवली. काडतुसाची दारू त्या दुपारी कोरडी असती, तर हे अंगण रिकामं असतं. ही मुलगी आम्हाला पाणी द्यायला नसती. शेवयांएवढ्या त्या पिवळ्या दोऱ्यांना कुठल्या तरी पावसाळ्यात, कुठल्या तरी कोनाड्यात ओल लागली. बस, तेवढंच. मी आयुष्यभर हत्यारं उघडली, पण एखादं चाललं नाही म्हणून काय काय झालं, हे असं समोर मांडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

जामसिंग आला. काठी टेकत, पण ताठ. अक्कांना बघून त्यानं हात जोडले. अक्कांनी माझ्याकडे बघितलं.

मी सोप्यात सोपं सांगितलं. रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आलं, नळीत ही गोळी सापडली. म्हणजे आबांनी त्या दिवशी चुकवली नव्हती आणि हवेतही उडवली नव्हती. घोडा दाबला होता. दारू ओली होती, म्हणून गोळी आतच राहिली. मी कागद उघडला आणि शिसं त्याच्या पुढं धरलं.

मोटरसायकल धुणाऱ्यानं नळ बंद केला.

जामसिंगनं ते घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, फिरवलं. मग म्हणाला, "माले म्हाईत व्हतं."

"काय म्हाईत व्हतं?" अक्कांनी विचारलं.

"मारनारच व्हता तो. आबासना डोया मी दखेल शेत. चुकाडनारा मानूस तसा दखस नही."

"मंग तू दरवरीस फोटूले हात का बर जोडस?" अक्का जवळजवळ ओरडल्याच.

म्हाताऱ्याला प्रश्नच विचित्र वाटला असावा.

"फोटूले कोन हात जोडस? फोटू दारवर टांगेल शे. तू चहा लईसन त्याना खाले उभी ऱ्हास. मी तुले जोडस."

मग तो हेमंतकडे वळला आणि पावऱ्यांच्या बोलीचा हेल मिसळलेल्या अहिराणीत त्यानं सांगितलं, ते हेमंत पहिल्यांदाच ऐकत होता, आणि मीही. फुस्स आवाज झाला तेव्हा आबांनी शिवी हासडली आणि घोडा पुन्हा ओढला. तेवढ्यात ओसरीवरून नवी सून धावत आली. डोक्यावरचा पदर पडला होता. ती येऊन नळीपुढं उभी राहिली, जामसिंगकडे पाठ आणि सासऱ्याकडे तोंड करून. बोलली काहीच नाही. नुसती उभी राहिली. आबांनी दोनदा बाजूला हो म्हटलं. ती हलली नाही. शेवटी आबांनी घोडा हातानं हळूच खाली सोडला आणि आत निघून गेले. पुन्हा ते रिव्हॉल्व्हर त्यांनी कधी हातात घेतलं नाही. मोहाची झाडंही तशीच राहिली.

"थांबनात" असं अक्कांनी माझ्या दुकानात सांगितलं होतं. एका शब्दात. थांबवलं कुणी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

हेमंत आईकडे बघत होता. "अक्का, तू कधी बोलली नाहीस."

"काय सांगनं?" त्या म्हणाल्या. "सासरा व्हता. घरनी अब्रू व्हती."

मग मला बोलणं भाग होतं, कारण त्या अंगणात एकच गोष्ट अशी होती जी फक्त मला माहीत होती. मी म्हणालो, "अक्का, दुसरा घोडा पडला असता, तर पुढचं काडतूस ओलं असतंच असं नाही. नळी बंद होती. ती आबांच्या हातात फुटली असती. जामसिंगला कदाचित खरचटलंही नसतं. आबांचा हात गेला असता, किंवा जीव. आणि तुम्ही नळीपुढंच उभ्या होता. तुम्ही नुसतं त्याला नाही वाचवलं. आबांनाही वाचवलंत."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हनजे मी दोन्हीसले..." आणि थांबल्या.

मी हत्याराच्या सांध्यापुढं नुसता बसून राहिलो होतो, ते मागं सांगितलंच. ते कौतुक होतं. इथे समोर साठीपासष्टीची, हाताला केळीचा चीक लागून काळी पडलेली बाई होती, आणि तिच्याकडे बघताना मला माझी नजर खाली घ्यावीशी वाटली. विशी न गाठलेली मुलगी, नवं सासर, समोर घोडा ओढलेलं फोर-फिफ्टीफाइव्ह. लष्करात मी शौर्याची पदकं लावलेली माणसं पाहिली आहेत. त्यांच्यामागं अख्खी पलटण असते. हिच्यामागं कुणी नव्हतं. ज्याला वाचवायचं होतं, तो तेवढा होता.

जामसिंगनं शिसं हातावर उडवून वजन बघितलं.

"हाई मी ठेवू का?"

मी म्हणालो, ठेव.

"चांगलं शिसं शे," तो म्हणाला. "जाळाले कामे येई." आणि त्यानं थोरल्या मुलाला हाक मारून, काठाला वजन म्हणून ते बांधायला, मासे धरायचं जाळं आणायला सांगितलं.

सगळं अंगण हसलं. अक्कासुद्धा. नर्सिंगवाल्या नातीनं चहा आणला, चारोळीची पुडी बांधून दिली, आणि आम्ही ऊन उतरायच्या आत निघालो.

परतीच्या वाटेवर मी अक्कांना विचारलं, आता काय ठरवायचं? जुन्याची नळी साफ आहे, सांधे पक्के आहेत, असं हत्यार पुन्हा होणे नाही, हेही सांगितलं. तेवढं बोलल्याशिवाय मला राहवलं नाही.

"नवं दे भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याना समोर आजून कोनी उभं ऱ्हायेल नही."

आजवर गिऱ्हाइकांनी मला निवडीची बरीच कारणं सांगितली आहेत. वजन, किंमत, रंग, शेजाऱ्याकडे आहे म्हणून. हे कारण पहिल्यांदा ऐकलं.

बाकी सगळं रीतसर झालं. जुनं रिव्हॉल्व्हर अक्कांनी सरकारजमा करायचा अर्ज दिला. देण्याआधी मी ते एकदा पूर्ण उघडलं, पुसलं, तेल दिलं, बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. पाच जिवंत काडतुसंही सोबत जमा केली. बत्तीस बोअरचं नवं अक्कांच्या लायसन्सवर चढलं. शिवारात बातमी पसरली असावी, कारण केबलवाले नंतर त्यांच्या विहिरीकडे फिरकले नाहीत. अक्कांनी ते अजून उडवलेलं नाही. मी मात्र वर्षातून एकदा ते मागवून घेतो आणि तपासून परत देतो. हेमंत आणून देतो. तो हल्ली दर शनिवारी मळ्यावर मुक्कामाला जातो, आधी जात नव्हता.

काडतुसं कोरडी ठेवा, ओल लागलेल्या दारूवर कधी भरवसा ठेवू नका, असं आम्हाला लष्करात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मीही ते दुकानात पाटीवर लिहून लावलंय, आणि ते बरोबरच आहे. फक्त त्या रविवारी जामसिंगच्या अंगणात बसून मला ते कुणाला सांगवलं नसतं.